मागची सीट

दशरथ तिला पेट्रोल पंपावर विसरून गेला, या गोष्टीला कुणी मोठी गोष्ट म्हटलं नसतं. पनवेलहून दिवाळीचा बाजार करून दोघं मोटरसायकलवरून परत येत होते. जुन्या हायवेवर चौक गावाच्या अलीकडं त्यानं पेट्रोलसाठी गाडी वळवली. कुंदा नेहमीसारखी उतरली आणि हवेच्या मशीनजवळ सावलीत जाऊन उभी राहिली. पेट्रोल भरून झालं, त्यानं टाकीचं झाकण लावलं, किक मारली, मान जराशी मागं करून काहीतरी बोलला आणि निघाला. बोलता बोलताच रस्त्याला लागला. त्याची मान अजून तशीच डावीकडं कललेली होती, मागच्या माणसाला ऐकू जावं म्हणून तो कलवायचा तशी. कुंदानं हात वर केला, पण हाक मारली नाही. आधी तिला हसूच आलं. दहावीस पावलांवर त्याच्या लक्षात येईल, असं तिला वाटलं. मग मधे एक कंटेनर आला, आणि कंटेनर पुढं गेला तेव्हा रस्त्यावर दशरथ नव्हता.

मोबाईल पिशवीत होता आणि पिशवी हँडलला लटकून गेली होती. पंपावरच्या माणसानं सगळं पाहिलं होतं. "येतील की वहिनी, बसा," म्हणत त्यानं प्लास्टिकचं स्टूल पुढं केलं. ती बसली नाही. पेट्रोलच्या वासानं डोकं हलकं झालं होतं आणि समोरून गाड्या एकसारख्या जात होत्या. तिच्या मनात एकच गोष्ट पुन्हापुन्हा येत होती. मागं गॅसचं सिलिंडर बांधलेलं असलं की दशरथ पुढं सरकून बसतो. तांदळाची गोण असली की वळणावर गाडी हळू करतो. मग अठ्ठावन्न किलोचं माणूस मागून उतरतं, परत बसत नाही, आणि त्याच्या हाताला, पाठीला, गाडीला काहीच कसं कळत नाही? उत्तर तिला उभ्याउभ्याच सापडलं, आणि ते सापडल्यावर तिला बसावंसं वाटलं. लग्न झालं त्या वर्षी तो तिला पहिल्यांदा गाडीवर घेऊन कर्जतला निघाला होता, आणि वळणावर ती घाबरून उलट्या बाजूला झुकली होती. "हलू नकोस गं," तो ओरडला होता, "बॅलन्स जातो." रागानं नाही, भीतीनं ओरडला होता. तेव्हापासून ती हलली नव्हती. सीटखालची लोखंडी पट्टी एका हातानं धरायची, चप्पल निसटू नये म्हणून पायाची बोटं आवळायची, वळण आलं की श्वास धरायचा. तेवीस वर्षं ती हे करत आली होती, आणि इतकं चांगलं शिकली होती की आता तिचं मागं असणं आणि नसणं गाडीला सारखंच झालं होतं.

पंपावरच्या घड्याळात सतरा मिनिटं झाली तेव्हा तो परत आला. घामानं निथळत होता, चेहरा पांढरा पडला होता. "अगं, फाट्यापर्यंत गेलो मी! तुला इचारलं, चकलीची भाजणी कुणाकडं दळायला द्यायची, तू काय बोललीच नाय. मला वाटलं रागावलीस." पंपावरचा माणूस हसला, मग दशरथ हसला, मग कुंदाही हसली. घरापर्यंत दशरथ दर दोन मिनिटांनी हात मागं करून तिच्या गुडघ्याला लावून बघत होता. ती आहे की नाही ते बघत होता, आणि त्या हातात खरोखर काळजी होती, हे तिला कळत होतं. पण तिला बोचत होतं ते वेगळंच. त्या सतरा मिनिटांतली शेवटची काही मिनिटं तिनं त्याची वाट पाहिलीच नव्हती. समोरचा रस्ता एका बाजूला पनवेलला जात होता, दुसऱ्या बाजूला खोपोलीला, आणि हात रिकामे, पिशवी नाही, फोन नाही, अशी ती उभी होती. आणि तिच्या आत काहीतरी हललं होतं. ते भीतीचं नव्हतं. काय होतं ते तिला नीट सांगता आलं नसतं, पण दशरथची गाडी दिसली तेव्हा ते बंद झालं होतं.

दशरथनं ही गोष्ट मोहोपाड्याला कंपनीत सांगितली. तो तिथं फिटर होता आणि कँटीनमध्ये किस्से सांगण्याबद्दल त्याचं नाव होतं. तिथून किस्सा गावात आला. नळावर बायका म्हणायला लागल्या, "कुंदा, तुला ठेवून गेले त्याची पावती घेतलीस का गं पंपावर?" कुंदा सगळ्यांबरोबर हसायची. तिसऱ्या दिवशी सकाळी भाकऱ्या थापता थापता तिनं हात धुतले, फोन घेतला आणि श्रद्धा मॅडमना लावला. श्रद्धा मॅडम डोंगराच्या पायथ्याला ठाकर आदिवासींच्या वाडीवर जी शाळा होती तिथल्या मुख्याध्यापिका. शाळेत खिचडी शिजवणारी बाई दिवाळीनंतर काम सोडणार होती, आणि मॅडमनी दोनदा येऊन कुंदाला विचारलं होतं. दोन्ही वेळा कुंदा म्हणाली होती, "चार किलोमीटर आत हाय मॅडम. यांची शिफ्ट, सोडायला कोण येनार?" आता तिनं सांगितलं, "मी येते. सुट्टी संपली की पयल्या दिवसापासून."

"अहो पण येणार कशा?"

"सायकलनं."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ परातीतल्या पिठाकडं बघत राहिली. तिला सायकल येत नव्हती. शाळा उघडायला सोळा दिवस होते.

सायकल मात्र घरात होती. सुरभीला, तिच्या मुलीला, आठवीत शाळेतून मिळालेली निळी सायकल पडवीत रिकाम्या गोणींखाली पडली होती. सुरभी आता पनवेलला नर्सिंगच्या होस्टेलवर होती. दोन्ही टायर बसलेले, साखळी तांबारलेली. कुंदानं ती चौकला गॅरेजवर चालवत नेली, म्हणजे हातात धरून, शेजारी चालत. जाताना पायडल दर चार पावलांनी नडगीला लागत होतं आणि पुढचं चाक मनाला येईल तिकडं वळत होतं. पण धरून चालताना हाताला एक जुनी ओळख लागायला लागली. कर्जत तालुक्यात उल्हास नदीच्या काठी तिचं माहेर होतं. वडिलांनी किशोरसाठी, धाकट्या भावासाठी, जुनी बावीस इंची सायकल आणली होती. किशोर दहा वर्षांचा होता आणि कुंदा तेरा. खळ्यावर तो सायकल चालवायचा आणि ती कॅरिअर धरून मागं धावायची. वीस दिवस धावली असेल. किशोर पडणार हे किशोरच्या आधी तिच्या तळव्याला कळायचं. कॅरिअरमधून एक बारीक थरथर यायची, मग एका बाजूला ओढ, आणि ती जोर लावून त्याला सरळ करायची. एका संध्याकाळी थरथर आलीच नाही. तिनं हळूच हात सोडला. किशोर खळ्याच्या टोकाला गेला, चिंचेला वळसा घालून आला आणि तिच्या पुढ्यातून ओरडत गेला. कुंदाचा तळवा गंजानं लाल झाला होता, आणि आनंद तर तिलाही झाला होता, त्याच्याइतकाच. "आता माझी पाळी," ती वडिलांना म्हणाली होती. वडील म्हणाले, "उद्या." त्यांनी ते खरंच मनापासून म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी भात झोडायला माणसं आली. मग किशोर सायकलनं हायस्कूलला जायला लागला. नाही असं तिला कुणीच म्हटलं नाही. कुणी म्हटलं असतं तर तिला भांडता तरी आलं असतं.

गावाच्या खालच्या अंगाला पूर्वी भाताची खाचरं होती. आता तिथं प्लॉट पाडले होते. मोठी कमान, तारेचं कुंपण, आत गुळगुळीत डांबरी रस्ते, विजेचे खांब, बागेतले बाक, आणि एकही घर नाही. मुंबईची माणसं प्लॉट घेऊन गेली होती आणि कधीतरी रविवारी येऊन आपल्या हद्दीच्या दगडाजवळ फोटो काढायची. तिथं राखणीला लडकू होता, वाडीवरचा ठाकर. साठीच्या पुढचा, काटकुळा, बोलायला कमी. सकाळी सुरभीचा जुना पंजाबी ड्रेस घालून कुंदा सायकल घेऊन कमानीशी आली तेव्हा त्यानं काही न विचारता फाटक उघडलं आणि परत जाऊन आपल्या खुर्चीवर बसला.

पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. ती एक पाय पायडलवर ठेवायची, दुसरा जमिनीवरून उचलायची, आणि सायकल ताबडतोब तिच्या अंगावर कलायची. हँडल इतकं आवळून धरायची की खांदे दुखायला लागले. आणि मागं कुणी नव्हतं. तिला वाटलं होतं की मागं धावून धावून आपल्याला सगळं कळलेलं आहे. तळव्याला कळलेलं अंगाला कळेना. दुसऱ्या दिवशीही तेच. सायकल एका अंगाला पडायला लागली की ती ताठ व्हायची, श्वास धरायची, बोटं आवळायची, म्हणजे तेवीस वर्षं जे करत आली तेच करायची. आणि ताठ झालं की सायकल पडायचीच. हे लक्षात आलं तेव्हा ती रस्त्याच्या कडेला बसली. मागच्या सीटवर जे बरोबर होतं तेच इथं चुकीचं होतं. अंगात इतकं मुरलेलं काढायचं कसं, सोळा दिवसांत? त्यातले दोन तर गेलेच.

लडकू खुर्चीवरून उठून आला. त्याच्या हातात पाण्याच्या पंपाच्या खोलीतला पाना होता. तो खाली बसला, सीट ढिली केली आणि पार खाली ढकलली.

"दोन्ही पाय टेकू दे," तो म्हणाला. "पायडल इसर. नुसती उतारावर सोड. पाय उचल, टेक. उचल, टेक."

"आणि पडले तर?"

"पाय हायेत ना तुला." मग थोडं थांबून तो म्हणाला, "ताई, डोईवर हंडा नेलास का कदी?"

"नेला की. दोन-दोन. लगीन होईस्तोवर नदीवरनं तेच."

"हंडा काय हातानं धरतीस?"

"नाय."

"मंग? डोई थीर ठेवायची, बाकी अंग सोडायचं. तिथं ताठ होशील तर हंडा पडंल. हितं ताठ होशील तर तू पडशील."

एवढं बोलून तो परत गेला. पण कुंदा तिथंच उभी राहिली. नदीचा चढ तिला दिसायला लागला, सकाळची ओली माती, डोक्यावर चुंबळ, त्यावर हंडा, त्यावर कळशी, आणि दोन्ही हात मोकळे, एका हातात कधी किशोरचं बखोट. चालताना कंबर हलायची, खांदे हलायचे, हंडा मात्र जागेवर. पाणी हिंदकळायचं नाही. तेव्हा तिला कुणी तोल शिकवला नव्हता. तिच्याकडं तो होता. मग मधल्या वर्षांत तो कुठं गेला होता? कुठंच गेला नसणार. तिनं फक्त तो वापरला नव्हता, कारण गाडी कुणीतरी दुसरं चालवत होतं.

पुढचे तीन दिवस ती उतारावरून सायकल सोडत राहिली. पाय उचल, टेक. उचल, टेक. पाचव्या दिवशी दोन विजेच्या खांबांमधलं अंतर तिनं पाय न टेकवता कापलं. डावीकडं पडायला लागली की हँडल डावीकडंच वळवायचं, हे तिला कळलं, म्हणजे कुणी सांगितलं नाही, हातांना कळलं. पडणाऱ्या बाजूपासून पळायचं नाही, तिकडंच जायचं, की सायकल आपोआप उभी राहते. हे तिला इतकं नवल वाटलं की ती मोठ्यानं हसली, आणि लडकूनं खुर्चीवरून मान वळवून पाहिलं. आता पायडल मारायला हरकत नव्हती. सहाव्या दिवशी तिनं मारलं, सायकल एकदम पुढं गेली, समोर कुंपण आलं, आणि तिनं उजव्या हातातला ब्रेक गच्च आवळला. पुढचं चाक जागच्या जागी थांबलं आणि कुंदा हँडलवरून पुढं जाऊन डांबरावर पडली. गुडघा सोलवटला. हनुवटीला खरचटलं. लडकू आला, तिला उठवलं नाही, सायकल उठवली. "म्होरला एकला दाबायचा नाय," तो म्हणाला. "दोनी. आन् हळू."

दुपारी दशरथ शिफ्टवरून आला आणि गुडघ्यावरची हळद पाहून दारातच थांबला.

"कुठं पडलीस?"

"प्लॉटवर."

"प्लॉटवर काय होतं?"

"सायकल होती."

मग तिनं सगळं सांगितलं. शाळेचं, फोनचं, सोळा दिवसांचं. तो ऐकत राहिला. त्याला राग आला नाही, त्याचं तोंड मात्र पडलं. पायातले बूट न काढता तो पडवीत बसला. "मी सोडीन ना तुला," तो म्हणाला. "शिफ्ट बदलून घेतो. साहेब ऐकंल माझं."

"किती दिवस?"

"म्हणजे?"

"काय नाय."

"त्या पंपाचं मनात ठेवलंस ना तू?" त्यानं विचारलं. "मी चुकलो म्हणालो की. सगळ्या कंपनीत हसं करून घेतलं मी माझं."

"तुमचं हसं नाय झालं," कुंदा म्हणाली, आणि बोलल्यावर तिलाच कळलं की ती हे किती दिवस बोलायची थांबली होती. "हसं माझं झालं. तुमी इसरलात त्याचं मला काय नाय. मानूस इसरतं. पन मी मागं हाय का नाय, हे गाडीला कळू नये? एवढी कशी मी नाय?"

दशरथ खाली वाकून बुटाची नाडी सोडू लागला, ती सुटली तरी सोडतच राहिला. मग वर न बघता म्हणाला, "मी धरू का मागनं? सकाळी एक तास येतो. सुरभीला शिकवलं तसं."

कुंदाला एकदम त्याची दया आली. तो खरंच आला असता, धावला असता, धाप लागेपर्यंत धावला असता. पण तिला खळं आठवलं, गंजलेला तळवा आठवला. "नको," ती म्हणाली. "धरलं की सगळं धरनाऱ्यालाच कळतं. बसनाऱ्याला काय कळत नाय. मला म्हाईत हाय."

नवव्या दिवशी ते झालं. कसं झालं ते तिला पुढं कुणालाही नीट सांगता आलं नाही. ती कमानीपासून निघाली, पहिली तीन पायडलं नेहमीसारखी डुगडुगत मारली, आणि मग डुगडुग थांबली. आवाजच थांबल्यासारखा वाटला. साखळीची बारीक टकटक, टायरखाली डांबराचा सरसर आवाज, आणि चेहऱ्यावर वारा, जो तिनंच तयार केलेला होता. तिनं खाली पाहिलं नाही. समोर लांब इर्शाळगडाचं टोक होतं, तिकडं पाहिलं. एक खांब गेला, दुसरा गेला, पाचवा गेला. वळण आलं. तिनं श्वास धरला नाही. उलट सोडला, अंग वळणाच्या बाजूला जाऊ दिलं, आणि सायकल तिच्याबरोबर वळली. आपल्या झुकण्यानं वळली. एवढंसं झुकलं तर एवढंसं, जास्त झुकलं तर जास्त. तिचे सगळेच्या सगळे अठ्ठावन्न किलो त्या वळणात होते आणि एकेक किलो सायकलला कळत होता. याच जागेवर, या डांबराखाली, तिनं लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यांत परक्यांच्या खाचरात भात लावलं होतं, गुडघाभर चिखलात, मागं मागं सरकत. आता त्यावरून ती पुढं चालली होती. तिनं पूर्ण फेरी मारली. मग दुसरी मारली. तिसऱ्या फेरीला ती लडकूच्या खुर्चीपुढून गेली आणि त्याला हात दाखवायचा म्हणून एक हात सोडला. सायकल भेलकांडली, कुंपणाकडं गेली, ती सावरली. लडकू पहिल्यांदाच हसला. त्याला पुढचे चार दात नव्हते, हे तिला तेव्हा दिसलं.

पण नुसता तोल आला म्हणजे रस्ता आला असं नव्हे, हे तिला ठाऊक होतं. वाडीच्या रस्त्यावर खदाणीचे डंपर चालायचे. उरलेले दिवस तिनं स्वतःच स्वतःला काम लावून घेतलं. रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावरून पट्टा न सोडता जायचं. मान वळवून मागं बघायचं आणि तरी सायकल सरळ ठेवायची. हे सगळ्यात अवघड, कारण मान वळली की खांदा वळतो आणि खांदा वळला की हँडल. तिनं मान एकटी वळवायला शिकून घेतली. उजवा हात सोडून बाहेर काढायचा, पाच आकडे मोजायचे, परत ठेवायचा. दोन्ही ब्रेक एकदम, अंडं धरावं तसे. रस्त्यात लडकूनं ठेवलेल्या दगडाच्या बाजूनं जायचं आणि दगडाकडं बघायचं नाही, कारण दगडाकडं बघितलं की सायकल दगडावरच जाते. चौदाव्या दिवशी तिनं सीट परत वर करून घेतली.

शाळा उघडली त्या सकाळी साडेआठला ती निघाली. दशरथची दुसरी शिफ्ट होती. "मी येतो थोडा मागनं," तो म्हणाला. "कायच करनार नाय. नुसता मागं राहीन." तिला नाही म्हणवलं नाही. ती पुढं सायकलवर आणि तो मागं मोटरसायकलवर, पहिल्या गिअरमध्ये, पाय जमिनीला घासत. गावातल्या बायका नळावरून बघत होत्या. त्याचं इंजिन तिच्या पाठीवर गुरगुरत होतं. खड्डा आला की तो मागून म्हणायचा, "खड्डा हाय." वळण आलं की म्हणायचा, "सांबाळ." प्रत्येक शब्दागणिक तिच्या खांद्यांत ताठपणा परत येत होता. ओढ्यावरच्या मोरीपाशी तिनं दोन्ही ब्रेक दाबले, डावा पाय टेकवला आणि उतरली. दशरथ घाबरून जवळ आला.

"काय झालं गं?"

"काय नाय झालं. तुमी घरी जावा."

"अगं पन डंपर असतात पुढं."

"असू द्या. तुमचं इंजिन कानात भरलं की मला मागचा डंपर ऐकू येनार नाय. खरं सांगते."

हा माणूस मशीनच्या आवाजावरून बेअरिंग कुठलं गेलंय ते सांगायचा, त्यामुळं ती काय म्हणतेय ते त्याला लगेच कळलं. कळलं म्हणूनच त्याला जड गेलं. त्यानं गाडी वळवली. वळवताना म्हणाला, "पोचल्यावर फोन कर." आणि थोडं पुढं जाऊन, इंजिनाच्या वरताण ओरडला, "उतारावर जपून!" ती हसली. त्याचा आवाज मागं विरला, आणि मग रस्ता खरंच ऐकू यायला लागला. सागाच्या झाडांत कुठंतरी सुतार पक्षी, ओढ्याचं उरलंसुरलं पाणी, स्वतःचा श्वास. अर्ध्या वाटेवर मागून घरघर आली. तिनं मान वळवली, एकटी मान, आणि पिवळा डंपर पाहिला. उतरून बाजूला उभं राहावं असं क्षणभर मनात आलं. उतरली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण ती डावीकडची कडा धरून तशीच चालवत राहिली. डंपरनं हॉर्न दिला, मग वेग कमी केला, आणि तिला मोकळी जागा सोडून, उजव्या बाजूची चाकं मातीत उतरवून पुढं गेला. त्याच्या धुळीत ती डोळे बारीक करून चालवत होती आणि तिच्या मनात आलं, त्यानं मला बघितलं. मी इथं आहे म्हणून एवढा डंपर बाजूनं गेला. वाडीचा फाटा आला तेव्हा तिनं उजवा हात बाहेर काढला. मागंपुढं कोणी नव्हतं. तरी तिनं तो पूर्ण लांब केला, पाच आकडे मोजले आणि वळली.

पुढं ते रोजचं झालं. मार्गशीर्ष गेला, थंडी पडली, सकाळी हँडल बर्फासारखं लागायला लागलं. शाळेत अडतीस पोरं होती आणि त्यांना कुंदाच्या खिचडीपेक्षा सायकलची घंटा जास्त आवडायची. नळावरच्या बायकांनी पंपाची गोष्ट सोडून दिली, कारण आता नवी गोष्ट होती. दशरथ कँटीनमध्ये तीही सांगायचा. त्यात तो स्वतः मोरीवरून परत पाठवलेला नवरा असायचा, आणि ते सांगताना, त्याच्याबरोबर काम करणाऱ्या कमलेशनं कुंदाला सांगितलं, त्याची छाती फुगायची.

पौषातल्या एका मंगळवारी ती पडली. त्या दिवशी शाळेसाठी मसाला आणि मोहरी आणायला ती आधी चौकला गेली होती. परत निघताना ढाब्यासमोर रस्त्याच्या कामाची बारीक खडी सांडलेली होती. ती तिला दिसली, पण वळता वळता दिसली. पुढचं चाक सरकलं, आणि एका क्षणात ती जमिनीवर होती, उजव्या कोपरावर, पिशवी एकीकडं, सायकल दुसरीकडं. ढाब्यावरची सहासात माणसं चहाचे ग्लास ठेवून धावली. एकानं सायकल उचलली. एक म्हणाला, "अरे, पानी आना ताईंना." टेंपोवाला म्हणाला, "गाडीत टाकतो सायकल, घरी सोडतो." एका चष्मेवाल्यानं खिशातून फोन काढला. "नवऱ्याचा नंबर सांगा, ताई. बोलावून घेतो."

कुंदा तोवर उभी राहिली होती. कोपरातून रक्त येत होतं. तिनं आधी हात पूर्ण सरळ केला, मग दुमडला. दुखत होतं, पण हालत होतं. "त्यांना कशाला बोलवायचं?" ती म्हणाली. "ते कामावर हायेत. मी पन कामावरच चाललेय."

"अहो पण हँडल बघा, वाकडं झालंय."

ते खरं होतं. चाक सरळ होतं आणि हँडल एका बाजूला फिरलेलं. कुंदानं सायकल त्या माणसाच्या हातातून घेतली, पुढं जाऊन उभी राहिली, चाक दोन्ही गुडघ्यांत पकडलं आणि हँडल दोन्ही हातांनी एकाच हिसक्यात सरळ केलं. मग मागचा ब्रेक दाबून पाहिला, पुढचा दाबून पाहिला, घंटा वाजवून पाहिली. माणसं बाजूला सरकली. कुणीतरी मोहरीची पुडी उचलून दिली. ती तिनं पिशवीत टाकली, पिशवी हँडलला अडकवली, मान मागं वळवून रस्ता पाहिला आणि निघाली.

वाडीच्या फाट्यापर्यंत वारा समोरून होता. शाळेत ती वेळेच्या थोडी आधीच पोचली. चूल पेटवली, डाळ धुतली, कांदे चिरले, पोरांना ओरडली, श्रद्धा मॅडमनी विचारलेल्या दोन गोष्टींची उत्तरं दिली. दुपारी खिचडीच्या पातेल्यावरचं झाकण उचललं तेव्हा उजव्या कोपराला वाफ झोंबली, आणि तेव्हा कुठं तिला आठवलं की आज सकाळी आपण पडलो होतो.